गोधडी, तांब्या आणि प्लेगचा जंतू



सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेच्या वेड रोड परिसरात फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. पांडेसऱ्यातील डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत राबणारी आम्हा खानदेशी लोकांची कुटुंबेही भुसावळच्या गाडीत चढली. गावी आम्हाला शिवेबाहेरच्या मळ्यात उतरवले. आमचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला गेला आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी सर्वांदेखत जाळण्यात आली. आई एक शब्दही बोलली नाही.

पुढे इतिहास वाचताना तो धूर मला पुन्हा दिसला. १८९७ साली पुण्यात प्लेग निवारणासाठी सोजिरांनी घरे तपासली, सामानसुमान जाळले. त्या जुलमाचा संताप २२ जून रोजी रँडवरील गोळीबारात प्रकट झाला. प्लेगचा जंतू तर येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. तो उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. परंतु ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. कपड्यांतून पिसवा जाऊ शकतात, हे खरे. मात्र उन्हात आणि कोरड्या जागी हा जंतू फार काळ तग धरत नाही. फुफ्फुसाचा प्लेग पसरतो तो रुग्णाच्या खोकल्यातून. आमच्या घरी कोणी आजारी नव्हते, हे कोणी विचारलेच नाही.

याचा अर्थ वस्तू निर्दोष असतात, असा नव्हे. दाराची कडी, नाणे, भांडी पुसण्याचे फडके यांवर असंख्य जंतू नांदतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी; परंतु हगवणीचे, विषमज्वराचे जंतू न धुतलेल्या हातावरून तांब्यात आणि तांब्यातून पोटात जातात. त्यावरचा उपाय अग्नी नव्हे, साबण आणि पाणी. हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच व्हिएन्नात दाखवले होते. सुरतेनेही १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात झाडू हाती घेतला आणि शहराचे रूप पालटले.

२०२० मध्ये जंतू नव्हे, विषाणू आला. आपण दुधाच्या पिशव्या धूत बसलो आणि कामगार पुन्हा गावाकडे निघाले. तो प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो, हे उशिरा उमगले.

मित्रहो, जंतूची वाट नीट ओळखली नाही, तर शिक्षा वस्तूला होते आणि वस्तूमागोमाग माणसाला. या शाळेने आम्हाला जेवणाआधी हात धुवायला शिकवले आणि एकाच पिंपातले पाणी सर्वांना पाजले. हे दोन्ही धडे आपण जपावेत, एवढीच विनंती.