तिथी नसलेला दुखवटा

बर्लिनच्या मारीएनबुर्गर आले या शांत रस्त्यावर ४२ आणि ४३ क्रमांकांची दोन घरे शेजारी शेजारी उभी आहेत. १९३५ नंतर ४३ क्रमांकात ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ कार्ल बॉनहोफर आणि त्यांच्या पत्नी पाउला राहत. ४२ मध्ये त्यांची कन्या उर्सुला, जावई रुडिगर श्लायखर आणि त्यांची मुले. या घराण्याचे नाव जगाला ठाऊक झाले ते एका मुलामुळे. डीट्रिख बॉनहोफर हा लुथरन धर्मशास्त्रज्ञ हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फासावर गेला. त्याच्यावर ग्रंथ पुष्कळ झाले. परंतु ‘हुतात्मा’ हा जगाचा शब्द आहे. त्या दोन घरांतील मुलांच्या लेखी गेला तो त्यांचा मामा, त्यांचा काका. त्या कुटुंबाने त्याचा शोक कसा वाहिला आणि उघडपणे शोक करण्याचा अधिकार त्याला किती उशिरा लाभला, एवढ्यापुरतेच मी येथे लिहीत आहे.

आजच्या जर्मन भाषेत मामा, काका, मावशीचे यजमान या सर्वांना ‘ओंकेल’ हा एकच शब्द चालतो. आईच्या भावासाठी ‘ओहाइम’ असा निराळा शब्द त्या भाषेत एकेकाळी होता. तो मागे पडला. मराठी वाचकाला मात्र ही नाती वेगळी करून पाहिल्याशिवाय त्या घरावर काय कोसळले हे उमगणार नाही. उर्सुलेची मुलगी रेनाटे हिचे उदाहरण घ्यावे. १९४५ च्या त्या एका एप्रिल महिन्यात तिचे वडील रुडिगर, मामा डीट्रिख, दुसरा मामा क्लाउस आणि मावशीचे यजमान हान्स फॉन डोनानी असे चौघे मारले गेले. आजोबा-आजींनी दोन मुलगे आणि दोन जावई गमावले.

मृत्यू या घराला नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१८ मध्ये, वाल्टर हा मुलगा आघाडीवर जखमी होऊन वारला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पाउलाबाई या आघाताने अशा खचल्या, की कित्येक आठवडे त्या शेजाऱ्यांकडे अंथरुणाला खिळून होत्या. कार्ल बॉनहोफर भावनांचे प्रदर्शन न करणारे गृहस्थ. दर वर्षअखेरीस कुटुंबाची हकिकत एका वहीत लिहून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. वाल्टरच्या मृत्यूनंतर ती वही सुमारे दहा वर्षे कोरी राहिली. वाल्टरचे बायबल आईने पुढे डीट्रिखला दिले, आणि ते त्याने आयुष्यभर वापरले. शब्द कमी आणि वस्तूंची जपणूक अधिक, अशी या घराची दुःख सोसण्याची रीत होती.

डीट्रिख अविवाहित होता. पियानो उत्तम वाजवी, आणि त्यामुळे घरातल्या संगीताच्या बैठकांत त्याचे स्थान ठरलेले असे. भारताची ओढ त्याला तरुणपणापासून होती. त्याने हिंदुस्थान पाहावा असे त्याच्या आजीलाही वाटे. १९३४ साली गांधीजींनी त्याला पत्राने निमंत्रण दिले. पण लगेच पुढच्या वर्षी, नाझी सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्या चर्चच्या उमेदवार पाळकांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले आणि तो प्रवास कायमचा राहून गेला. ३१ मार्च १९४३ रोजी कार्ल बॉनहोफरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. मुले, सुना, जावई, नातवंडे यांनी मिळून स्तोत्रसंगीत सादर केले. त्यानंतर पाचच दिवसांनी, ५ एप्रिलला, डीट्रिखने दुपारी बहिणीच्या, डोनानींच्या, घरी दूरध्वनी केला, तर पलीकडून अनोळखी पुरुषाचा आवाज आला. काय घडले ते त्याने ओळखले. तो शेजारी उर्सुलेकडे गेला; तिने त्याला भरपेट जेवू घातले. मग वडील बोलवायला आले: दोन माणसे तुझ्या खोलीत तुझी वाट पाहत आहेत. त्या घरातले त्याचे हे शेवटचे जेवण.

पुढच्याच महिन्यात रेनाटेचे लग्न डीट्रिखचा जिवलग मित्र एबरहार्ड बेटगे याच्याशी झाले. मामाने तुरुंगाच्या कोठडीत भाचीसाठी विवाहप्रवचन लिहिले, पण ते वेळेवर पोहोचले नाही. पुढल्या वर्षी तिला मुलगा झाला आणि त्याचे नाव डीट्रिख ठेवले, तेव्हा त्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठीही कोठडीतूनच मजकूर आला. मला या सर्व लेखनात अधिक मोलाचे वाटते ते १९४३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या नवदंपतीला लिहिलेले पत्र. बेटगेला सैन्याची चाकरी होती आणि वियोग समोर दिसत होता. प्रिय माणसाच्या नसण्याने पडलेली पोकळी भरून काढू नये. ईश्वर ती भरून काढतो हे म्हणणेही खरे नव्हे. ती रिकामी राहते म्हणूनच नाते टिकते, अशा आशयाचे त्याने लिहिले. धर्मोपदेशकाकडून ही भाषा अनपेक्षित आहे. सांत्वनाची तयार वाक्ये त्याने बाजूला ठेवली होती. पत्र लिहिले होते थोड्या काळाच्या ताटातुटीसाठी; सोळा महिन्यांनी भाचीला ते त्याच्याच बाबतीत वाचावे लागले.

१९४४ च्या शरदात एका पहारेकऱ्याच्या साह्याने पळून जाण्याचा बेत जमत आला होता. तेवढ्यात क्लाउसला अटक झाली. आपण पळालो तर सूड घरच्यांवर उगवला जाईल म्हणून डीट्रिखने तो बेत सोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याला बर्लिनबाहेर हलवले, आणि तेथून पुढे घरच्यांना त्याचा ठावठिकाणा लागला नाही. वाग्दत्त वधू मारिया फॉन वेडेमायर गरम कपड्यांचे गाठोडे घेऊन फ्लोसेनबुर्गपर्यंत जाऊन आली. तो तेव्हा तेथे नव्हताच. क्लाउस आणि रुडिगर यांना २३ एप्रिलच्या पहाटेपूर्वी, रशियन तोफा शहरात ऐकू येत असताना, तुरुंगाजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन गोळ्या घातल्या. त्या हत्याकांडातून वाचलेल्या एका कैद्यामुळे मे अखेरीस ते घरी कळले. या दोघांना निदान डोरोटेनश्टाट कबरस्तानातील सामूहिक कबर तरी लाभली. डीट्रिखचे प्रेत छावणीतच जाळून टाकले होते.

जुळी बहीण साबिने इंग्लंडमध्ये होती. तिचे पती गेर्हार्ड लाइबहोल्त्स ज्यू वंशाचे, म्हणून १९३८ मध्ये दोन मुलींसह ते देशाबाहेर पडले होते. भाऊ गेल्याची बातमी तिला मे महिन्याच्या अखेरीस मिळाली. बर्लिनमधल्या आईवडिलांना ती कळवण्यास टपाल नव्हते. २७ जुलै १९४५ रोजी लंडनच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये स्मृतिउपासना झाली आणि चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी प्रवचन केले. बी.बी.सी.ने ती प्रक्षेपित केली. मारीएनबुर्गर आलेतील घरात वृद्ध आईवडील रेडिओपाशी बसून, शत्रू म्हणवल्या गेलेल्या देशातून, आपल्या मुलाची अंत्यप्रार्थना ऐकत होते. मृत्यूला तेव्हा साडेतीन महिने उलटून गेले होते. आपल्याकडे ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे. त्या दांपत्यासाठी ती सोय परक्या नभोवाणीने केली.

कबर नव्हती, पण घराच्या बागेत पुरलेले एक धन होते. डीट्रिखने तुरुंगातून बेटगेला लिहिलेली पत्रे विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांच्या डब्यांत घालून श्लायखरांच्या बागेत पुरून ठेवली होती. शेवटची काही पत्रे बेटगेने स्वतःच्या अटकेच्या वेळी जाळली. उरलेली युद्धानंतर मातीतून वर काढली गेली. बेटगेने ती १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि १९६७ साली डीट्रिखचे बृहच्चरित्र लिहिले. या कामात रेनाटे आयुष्यभर त्याच्या बरोबरीने राबली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना त्या पत्रांत आधुनिक जगातील श्रद्धेचा नवा विचार सापडला. सापडला हे खरेच आहे. पण त्याच कागदांत आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, पुस्तकांच्या मागण्या आहेत, तंबाखू पाठवल्याबद्दल आभार आहेत. १९४४ च्या डिसेंबरात आईच्या वाढदिवसासाठी व नववर्षासाठी पाठवलेली कविता पुढे स्तोत्र झाली आणि ती आता जर्मन भाषकांच्या अंत्यविधींत गायली जाते.

देशात मात्र या दुःखाला मान नव्हता. युद्धोत्तर जर्मनीत कटवाल्यांना देशद्रोही समजणारे पुष्कळ होते, आणि खुद्द चर्चही संकोचले. श्रद्धेसाठी मेलेला हुतात्मा आणि राजकारणासाठी मेलेला माणूस यांत ते भेद करी. १९५३ साली फ्लोसेनबुर्गच्या चर्चमध्ये स्मृतिफलक लागला, तेव्हा बव्हेरियाच्या लुथरन बिशपांनी समारंभास येण्याचे नाकारले. डीट्रिखचा मृत्यू त्यांच्या मते राजकीय होता. कार्ल बॉनहोफरांनी मात्र १९४५ मध्येच एका जुन्या सहकाऱ्याला कळवले होते, की मुलांना परिणामांची पूर्ण जाणीव होती, आणि आम्ही दुःखी आहोत तसेच अभिमानीही आहोत. ते १९४८ मध्ये निवर्तले, पाउलाबाई १९५१ मध्ये.

१९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्री फ्लोसेनबुर्गला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला या प्रकरणात निर्दोष ठरवले. त्या खटल्यात आरोपींना वकील नव्हता, तरीही ते न्यायालय वैध मानले गेले आणि राज्याला स्वतःच्या रक्षणाचा हक्क होता असे निकालात आले. निकालाचा अर्थ घरच्यांना इतकाच लागत होता, की मामा गुन्हेगार म्हणून मेला. ती शिक्षा रद्दबातल असल्याचे बर्लिनच्या न्यायालयाने १९९६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. तेव्हा रेनाटे सत्तर वर्षांची होती. मामा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.