लेप व साक्ष : कॉलिन फिंक यांच्या चरित्रांतील दोन प्रकरणें

जुन्या धातुवस्तूंवरील पुटाकडे संशोधक दोन दृष्टींनीं पाहतो. तें वस्तूचें रक्षण करतें आणि तिच्या वयाची साक्षही देतें. या दोन्ही बाजू न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील रसायनज्ञ कॉलिन फिंक (१८८१–१९५३) यांच्या चरित्रांत एकत्र आल्या. त्यांची हकीकत ताम्रपटांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

आपल्याकडील कल्हई अग्नीच्या साह्यानें होते. विजेनें मुलामा देण्याचा आरंभींचा प्रयोग इटलींतील ब्रुन्यातेल्ली यानें इ. स. १८०५ मध्यें केला व रुप्याच्या पदकांवर सोनें चढविलें. १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं पेटंट घेऊन या कलेस धंद्याचें रूप दिलें. परंतु सोनेंरुपें मऊ. त्यांचा लेप शोभेचा, पोलादाची झीज थांबविण्याचा नव्हे.

त्या कामास क्रोमियम योग्य होता. बुन्सेन यानें १८५४ सालींच हा धातु विजेच्या साह्यानें द्रावणांतून वेगळा केला होता. तथापि त्याचा लेप कधीं बसे, कधीं बसत नसे. १९२० सालीं सार्जंट यानें क्रोमिक आम्लाच्या द्रावणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील मर्म फिंक यांनीं हेरलें. क्रोमिक आम्लाच्या शंभर भागांस गंधकाम्लाचा सुमारें एक भाग असावा लागतो. हें प्रमाण चुकलें कीं लेप बिघडतो. १९२६ सालीं त्यांस पेटंट मिळालें. या रीतींत धनाग्र शिशाचें असतें व क्रोमियम द्रावणांतूनच वस्तूवर बसतो. नोटा छापण्याच्या कोरीव पत्र्यांवरही असा लेप देऊं लागले. लेप झिजला म्हणजे तो उतरवून नवा चढवितां येतो व मूळ कोरीव रेषा शाबूत राहते. मात्र लेपांत सूक्ष्म चिरा असतात. म्हणून गंज टाळावयाचा असल्यास खालीं निकेलचा थर देतात.

याच फिंक यांनीं १९२५ सालीं एल्ड्रिज यांच्यासह प्राचीन कांस्यवस्तूंच्या शुद्धीवर ग्रंथ लिहिला. वस्तु ऋणाग्र करून विजेनें तिच्यावरील गंज परत धातूंत आणावयाचा, ही त्यांची रीति होती. त्यामुळें पुटाविषयीं त्यांचें मत प्रमाण मानलें जाई.

१९३६ सालीं कॅलिफोर्नियांत १५७९ चा, ड्रेकच्या नांवाचा पितळी पत्रा सांपडला. इतिहासकार बोल्टन यांनीं तो अस्सल म्हणून जाहीर केला. कांहींनीं मजकुराच्या शब्दलेखनावर शंका घेतल्या. १९३८ सालीं फिंक व पोलुश्किन यांनीं पत्र्यावरील काळसर पुट नैसर्गिक, दीर्घ काळांत बनलेलें असल्याचा निर्वाळा दिला. १९७७ सालच्या तपासणींत मात्र पितळेंत जस्त फार व अशुद्धि थोड्या आढळल्या आणि पत्रा अर्वाचीन ठरला. बोल्टन यांची थट्टा करण्यासाठीं तो घडविला होता, हें २००३ सालीं उघड झालें.

लेप बनविण्यांत व पुट काढण्यांत निष्णात असलेल्या पुरुषाचीही पुटावरून फसगत झाली. पुट बनवितां येतें, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? पुटाची साक्ष घ्यावी. परंतु आंतला धातु, घडणीच्या खुणा व लेखाची भाषा यांनीं दुजोरा दिल्यावांचून निर्णय देऊं नये.