कुणाचा आहे हा?

गेल्या महिन्यात अण्णा नातेपुत्याहून आले. मी त्यांना घ्यायला स्वारगेटला गेलो, आणि मुद्दाम नवा शर्ट घालून गेलो. नवा म्हणजे माझ्यापुरता नवा. गडद निळा, जाड सुती, कॉलर एकदम ताठ. एका सेकंडहँड कपड्यांच्या प्रदर्शनात अडीचशेला मिळाला होता. गेलं वर्षभर मला हे खूळ लागलंय. कपाटात मोजून तीस कपडे ठेवायचे, शक्यतो काही घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर वापरलेलं घ्यायचं. ऑफिसमधले लोक हसतात, पण सकाळी काय घालू हा प्रश्न तीस सेकंदांत सुटतो आणि फोटोत मी आधीपेक्षा बरा दिसतो, हे त्यांनाही मान्य आहे.

रिक्षात अण्णांनी बाहीचं कापड चिमटीत धरून बघितलं. "चांगलंय. कितीला?"

"अडीचशे."

"एवढ्यात?"

"वापरलेला आहे अण्णा. सेकंडहँड."

त्यांनी हात काढून घेतला. सिग्नल सुटला, पुढचा लागला, मग म्हणाले, "कुणाचा आहे हा?"

मला काय माहीत कुणाचा! मी आपलं सुरू केलं. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशोब सांगतात, वगैरे वगैरे. माळशिरस तालुक्यातल्या माणसाला, ज्याने १९७२ चा दुष्काळ तेराव्या वर्षी बघितला, त्याला मी रिक्षात बसून पाण्याचं महत्त्व सांगत होतो! ते म्हणाले, "पाण्याचं मला नको सांगूस. कुणी उतरून दिलेलं अंगात घालायची पाळी आलीय का आपल्यावर?"

मी वारकऱ्यांचा दाखला दिला. आमच्या गावात माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. बरडहून येतात, रात्र काढतात, सकाळी माळशिरसकडे निघतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर माणसं दोन-तीन जोडांवर चालतात. लहानपणी पालखीच्या दिवशी गावातल्या प्रत्येक कुंपणावर, ट्रकच्या दोरखंडावर, जमेल तिथे वाळत घातलेली धोतरं आणि लुगडी दिसायची. कमी कपड्यांत राहायची याहून मोठी शाळा कुठली?

अण्णा म्हणाले, "वारकरी आपलेच दोन जोड नेतो. दुसऱ्याचे नाही."

इथे माझा युक्तिवाद क्रॅश झाला. ब्लॉग आणि व्हिडिओ बघून मी 'कमी कपडे' आणि 'वापरलेले कपडे' या दोन गोष्टी एकाच फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. अण्णांच्या हिशोबात त्या वेगळ्या. का, ते शोधण्यात माझे पुढचे तीन वीकेंड गेले. त्याचंच हे फलित.

कमी कपड्यांचं कारण सोपं आहे. कापड महाग होतं. आणि गंमत बघा, आमचा जिल्हा तर कापडाचा. सोलापुरातली पहिली गिरणी, मोरारजी गोकुळदासांची, १८७७ मध्ये सुरू झाली. लोक अजून त्या जागेला जुनी मिल म्हणतात. (ही गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, सरकारने ती खास कायदा करून १९५० मध्ये ताब्यात घेतली, आणि एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला अजून वाचावा लागतो. असो.) गिरणी सुरू झाली तेव्हा जिल्हा मोठ्या दुष्काळात होरपळत होता. त्याच १८७७ मध्ये पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, दिल्ली दरबारात हातसुताची खादी घालून गेले. सरदार-संस्थानिकांच्या जरीत हे जाडंभरडं. कमी आणि साधं, पण स्वतःच्या मर्जीने. ही मर्जी सगळ्यांकडे नव्हती.

महायुद्धात तर कापडाचे भाव इतके चढले की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. गिरण्यांना गरिबांसाठी 'स्टँडर्ड क्लॉथ' विणायला लावलं. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिच्या आईचं आणि चुलतीचं बाहेर जायचं लुगडं एकच होतं, असं ती सांगायची. एक बाजाराला गेली की दुसरी घरात. मिनिमलिझमचा इतका कडक अवतार मी तरी कुठल्या व्हिडिओत बघितलेला नाही.

कापड महाग म्हटल्यावर त्याचा जीव लांबवायच्या युक्त्या आल्या, आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो हा भाग. नऊवारी लुगडं मध्यावर विरायचं, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथेच. मग ते आडवं कापायचं, विरलेला भाग काढून टाकायचा आणि टोकं जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. त्यानंतर ते फक्त घरात नेसायचं. तेही विरलं की जुनेर. जुनेरातला मऊ भाग बाळंतिणीच्या घरी जायचा. तान्ह्या बाळाला आधी जुन्याचीच दुपटी, झबली, कारण नवं कापड टोचतं. उरलेल्याची वाकळ. वाकळीची फाटली लक्तरं चुलीपाशी फडकी, आणि शेवटी पोतेरं. सारवणात पोतेरं झिजून झिजून मातीत जायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेमरीचा शेवटचा बाइटसुद्धा परत केला जायचा.

वाकळ म्हणजे गोधडी, आमच्याकडे वाकळच म्हणतात. खाली एक लुगडं, वर एक, मधे मिळतील ते तुकडे पसरायचे, चारी बाजूंनी दुमडायचं आणि काठापासून आत आत, जाड दोऱ्याने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. अंगणात दोघी-तिघी समोरासमोर बसायच्या. एक वाकळ म्हणजे कित्येक दुपारी. या कष्टाचा हिशोब कुणी ठेवला नाही. 'पूर्वी कसं काहीच वाया जायचं नाही' असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा सुई कुणाच्या हातात होती हे सांगायचं राहतं. पुरुषांच्या हातात तरी नव्हती.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. कुणाचा?

आमचं घर गावकुसाबाहेरचं. महारकीच्या 'हक्कां'मध्ये गावातल्या मढ्यावरचं कापड हा एक हक्क मानला जायचा. हक्क! चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं घालावीत हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलेलंच आहे. म्हणजे सेकंडहँड कपडे हा आमच्याकडे निवडीचा विषय नव्हताच, तो नियम होता. कपड्यावरून माणूस ओळखू यावा, यासाठी केलेला.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झाल्यावर बाबासाहेबांनी बायकांसमोर जे भाषण केलं, त्यात लुगडं कसं नेसायचं हा मुद्दा होता. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, वरच्या जातीतल्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, अंगावर ओझं होणारे कथलाचे आणि गिलटाचे दागिने टाका, स्वच्छ राहा. ते ऐकून तिथल्या बायकांनी लगेच नेसणं बदललं, अशी नोंद चरित्रात आहे. मला आधी वाटायचं, एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याचं काय घेऊन बसले? आता वाटतं, ज्यांना कपड्यावरूनच ओळखून बाजूला उभं केलं जायचं, त्यांच्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात आधीचा होता. त्यांच्या स्वतःच्या सुटाबुटाबद्दल नाकं मुरडणारे आजही भेटतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लोक पांढरे स्वच्छ कपडे घालून आले. पणजोबा त्या गर्दीत नव्हते, पण त्या वर्षी त्यांनी आयुष्यातलं पहिलं कोरं धोतर घेतलं, ही गोष्ट आमच्या घरात मी पन्नासदा तरी ऐकली आहे.

महार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. अण्णा त्यानंतरच्या वर्षीचे. पण कायदा गेला तरी मजुरी तीच. आजी एका मोठ्या घरच्या शेतावर कामाला जायची आणि दिवाळीला तिकडून कपडे मिळायचे. मालकिणीचं विटलेलं लुगडं, पोरांचे आखूड झालेले शर्ट. चौथीत असताना अण्णा त्यातला एक चौकडीचा शर्ट घालून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत त्या घरचा मुलगा म्हणाला, "अरे, हा माझा शर्ट!" त्याने काही वाईट हेतूने म्हटलं नसेल. अण्णाही तसंच म्हणतात. घरी येऊन त्यांनी शर्ट काढला आणि पुन्हा घातला नाही. वर्षभर एकाच गणवेशावर काढलं. पुढे मास्तर झाल्यावर त्यांच्याकडे तीनच शर्ट होते, तिन्ही पांढरे, तिन्ही कोरं कापड घेऊन शिवलेले. रोज रात्री धुवायचे आणि वाकळीखाली घडी घालून ठेवायचे, सकाळी इस्त्री तयार. कमी कपड्यांत झकपक दिसायचं कसं, हे आमच्या घरात कुणी मला शिकवायची गरज नव्हती. मीच बाहेर शोधत बसलो.

हा वाद देशपातळीवरही एकदा झालाय. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींनी मुंबईत परळला विदेशी कपड्यांची होळी केली. अँड्र्यूजसारखे मित्र दुखावले. टागोरांनीही टीका केली. एवढं चांगलं कापड जाळण्यापेक्षा उघड्यांना द्या ना! ऐकायला किती बरोबर वाटतं. गांधीजींनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'यंग इंडिया'त टागोरांना उत्तर दिलं, त्याचा मतितार्थ असा, की लोकांना काम हवंय, माझे उतरलेले कपडे देऊन त्यांचा अपमान मी करणार नाही. द्यायचंच तर माझ्यातलं उत्तम देईन. गांधीजींशी आमच्या घराचे मतभेद भरपूर आहेत, आणि ते या लेखात मिटणार नाहीत. पण हे उत्तर अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "इथं बरोबर आहे माणूस."

यातून आपण फार शिकलो असंही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून इतके जुने कपडे तमिळनाडूत गेले की ते रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले. घर वाहून गेलं तरी कोळी माणूस कुणाचीही पँट घालत नाही, हे पाठवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. गूंज या संस्थेने ते ढीग उचलून निवडून मार्गी लावले. १९९९ पासून काम करणारी ही संस्था गावात कपडे फुकट वाटत नाही. गाव आधी आपलं एखादं काम करतं, विहीर उपसतं, रस्ता बांधतं, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतं. संस्थापक अंशू गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे मिळालं. कपडा तोच जुना. पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

मग मला बोहारीण आठवली. डोक्यावर स्टीलची भांडी, "ए भांडीऽऽ". आईची आणि तिची पाऊण तास झटापट चालायची. आई दोन टेरिकॉटच्या पँटी आणि जरीची साडी पुढे करणार, ती जर नखाने खरवडून बघणार (खऱ्या जरीत चांदी असते, ती जाळून काढतात), मग पातेलं, मग "मोठं दे", मग तिचं उठून जायचं नाटक. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या, मूळ गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या बायकांना, आता ते स्वतःला देवीपूजक म्हणवतात, शहरं कधी नीट बसायला जागासुद्धा देत नाहीत, हे खरंच. पण त्या ओट्यावर दोघी समोरासमोर बसून भांडायच्या. आईला त्यात कधी कमीपणा वाटलेला मी बघितला नाही.

हे सगळं मी अण्णांना फोनवर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "शर्टाचे पैसे दिलेस ना पूर्ण? पावती आहे?" मी म्हटलं, यूपीआयने दिलेत, नोंद आहे. "मग घाल. पण मला नको आणूस."

मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा आईने आजीची वाकळ दुरुस्तीला काढली होती. एक बाजू पूर्ण उसवली होती. वरचा पदर आजीच्या हिरव्या लुगड्याचा, खालचा तिच्याच जांभळ्याचा. मधल्या थरांत मात्र मी कधीच न बघितलेली कापडं निघाली. रेशीमकाठाचं विटकं लुगडं, आणखी एक तसंच, आणि एका कोपऱ्यात चौकडीच्या शर्टाची पाठ. मालकिणीकडची लुगडी आजी नेसलीच नाही कधी, आई म्हणाली. सगळी आत घालून वरून आपलं लावायची. अण्णा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी चौकडीकडे बघितलं, आणि परत पेपरात डोकं घातलं.

वाकळीला मधे घालायला कापड कमी पडत होतं, म्हणून मी उत्साहाने माझे कंपनीचे जुने टी-शर्ट आणायची तयारी दाखवली. अठरा आहेत, प्रत्येक रिलीजला एक. आईने अंगातला ओढून बघितला. म्हणाली, "हे ताणतंय, टाका बसायचा नाही. आणि पोतेऱ्यालाही नको, पाणी पीत नाही हे."