गिरडचा व्यापारी आणि त्याचा माल

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर नारळासारखे दिसणारे गोल दगड मिळतात. भूशास्त्र त्यांना झिओलाईटच्या गाठी म्हणतं. आख्यायिका वेगळीच. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल दिला. मग ते दोघे बाबांच्याच सेवेत राहिले म्हणतात.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी. माल बदलला, व्यापारी तेच राहिले, कारण व्यापारी हा मालाचा प्रकार नाही. त्याच्याजवळ माल आहे. एका क्लासमध्ये दुसऱ्या क्लासचा ऑब्जेक्ट मेंबर म्हणून ठेवतात ते हेच.

क्लास आणि ऑब्जेक्ट ओस्लोमधून आले. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगॉर्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेत एका क्लासपासून दुसरा क्लास काढण्याची, म्हणजे वारशाची सोयही होती. पण तिथं एका ऑब्जेक्टच्या पोटात दुसरा थेट बसत नसे; त्याचा फक्त पत्ता ठेवता येई. केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरलेल्या ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये 'सी विथ क्लासेस' सुरू केली, तीच पुढे सी प्लस प्लस झाली. तिच्यात ऑब्जेक्ट थेट आत ठेवता येतो.

फरक मोठा आहे. पोतं थेट मेंबर असेल, तर आधी पोतं तयार होतं, मगच व्यापाऱ्याच्या कन्स्ट्रक्टरमधला कोड चालतो. मोडताना क्रम उलटा. व्यापारी संपला की पोतंही संपतं. नुसता पत्ता ठेवला, तर तेच पोतं दोघांना वापरता येतं, बदलताही येतं. मात्र शेवटी ते कुणी आवरायचं, हे ठरवावं लागतं. यातूनच कित्येक प्रोग्राम कोसळले आहेत.

१९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या 'डिझाईन पॅटर्न्स' या पुस्तकानं वारशापेक्षा अशा जोडणीला पसंती द्यायला सांगितलं. आपल्याकडच्या वर्गांत तरीही प्राणी, मग कुत्रा, मग मांजर असा वारसाच आधी पाठ होतो. (आपल्यालाही 'तुम्ही कुणाचे वंशज?' हेच जास्त विचारतात. 'तुमच्याजवळ काय आहे?' हे क्वचितच.) 'नारळ' या क्लासचा वारसा देऊन व्यापारी बनवला, तर तो सुपारी विकायला लागला त्या दिवशी सगळा कोड पुन्हा लिहायला बसावं लागतं.