मुंबईस उतरायचे कोठे?

शहर पाहावयास जाणाऱ्या माणसापुढे आज पहिला प्रश्न येतो तो उतरण्याचा. काय पाहावे, कोठे जेवावे हे मागाहून ठरते. दोन रात्री चैनीत घालवावयाच्या तर हॉटेल कोणते घ्यावे, समुद्राकडची खोली मिळेल काय, न्याहारी भाड्यात धरली आहे की निराळी, जुनी इमारत बरी की नवी, याचा खल आता आपल्यासारख्या मध्यम स्थितीतल्या घरांतूनही चालतो. कोणी त्याला हसतात. आम्हांस मात्र तो क्षुद्र वाटत नाही. माणसाला हॉटेल निवडता येते ही गोष्टच फार नवी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ती बहुधा ठाऊक नव्हती; आणि ज्यांना ठाऊक होती त्यांच्यापैकीही पुष्कळांच्या बाबतीत निवड पाहुणा करीत नसे, हॉटेल करी. दारावरचा माणूस आधी उतारूकडे नीट पाहून घेई, आणि खोली रिकामी आहे की नाही ते त्यानंतर ठरे. हा इतिहास मुंबईतील दोन-तीन इमारतींच्या आधाराने आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

जुन्या काळी परगावी जाणारा माणूस पैसे देऊन खोली घेत नसे. यात्रेकरू क्षेत्राच्या उपाध्यायांकडे उतरे, व्यापारी आपल्या ज्ञातीच्या वाडीत, कारकुनीच्या शोधात निघालेला तरुण मावशीच्या किंवा गाववाल्याच्या बिऱ्हाडी. ज्याला यांपैकी काहीच नसे त्याला धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा सर्वांस ठाऊक आहेत, आणि तसले पुण्यकर्म करणारे सावकार व संस्थानिक पुढेही पुष्कळ झाले. धर्मशाळेत भाडे पडत नसे हे खरे. तथापि ती फुकट होती असे मात्र म्हणवत नाही. तेथे जात विचारली जाई. कोणाला ओसरी, कोणाला आतली खोली, कोणाला विहिरीवर पाणी भरण्याची मोकळीक आणि कोणाला अंगणाबाहेरचे झाड, हे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरे.

ज्याने पैसे मोजले त्याला खोली, ही कल्पना युरोप-अमेरिकेत वाढली. अमेरिकेतील बोस्टन शहरी १८२९ साली ट्रीमाँट हाउस नावाचे हॉटेल निघाले. त्यापूर्वीच्या सरायांतून अनोळखी माणसांनी एका खोलीत, प्रसंगी एकाच बिछान्यावर निजण्याची वहिवाट होती. ट्रीमाँटने प्रत्येकाला कुलपाची स्वतंत्र खोली आणि साबणाची वडी दिली, आणि लोकांना त्याचेच अप्रूप वाटले. लंडनचे सॅव्हॉय १८८९ साली विजेच्या दिव्यांनी उजळले. तेथे व्यवस्थापक म्हणून नाव मिळविलेल्या सेझार रिट्झने १८९८ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल काढून खोलीलगत न्हाणीघर दिले. चैन म्हणून ज्याचा बोभाटा झाला ते एवढेच होते: कडी, उजेड, ऊन पाणी आणि एकान्त. सोनेरी आरसे त्यांच्या मागून आले.

मुंबईत ही वस्तू आली ती लोखंडाच्या रूपाने. १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, बोरघाटातून १८६३ साली आगगाडी वर चढली, आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेचा प्रवास आठवड्यांच्या हिशेबात आला. बोटीवरून उतरणाऱ्या गोऱ्या लोकांची सोय पाहिजे होती. जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने एस्प्लनेडवर, म्हणजे आज ज्यास काळा घोडा म्हणतात त्या भागात, ती केली. इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या स्थापत्यविशारदाचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या अजस्र छपराच्या कामात त्याचाही हात होता. इमारतीचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, बोटीत भरून मुंबईला आणल्या आणि येथे जुळवल्या. १८७१ साली हॉटेल सुरू झाले. सव्वाशेच्या वर खोल्या, भोवती सलग सज्जे, मधोमध काचेच्या छपराखाली नाचाचा दिवाणखाना. मुंबईत याच्या तोडीचे दुसरे नव्हते. १८९६ सालच्या ७ जुलैस ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली तीही याच हॉटेलात.

त्याच वर्षी, जानेवारीत, मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक तेथे उतरला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांची मोठी बहारदार थट्टा केली आहे आणि ती वाचणाऱ्यांच्या ध्यानात राहते. पण तेथेच दुसरीही एक हकीकत आहे. पाहुण्यांची व्यवस्था लावावयास एक धिप्पाड जर्मन गृहस्थ खोलीत आला, दाराचे काही काम नोकराकडून त्याच्या मनासारखे झाले नाही, आणि त्याने काय चुकले ते न सांगताच त्या हिंदी नोकराच्या जबड्यावर एक ठोसा लगावला. नोकर काही बोलला नाही. ट्वेनला एकदम आपले बालपण आठवले, कारण तो गुलामांच्या मुलखात वाढलेला होता. गुलामांना असेच वागवितात हे त्याने पन्नास वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. वॉटसनच्या दिवाणखान्याची वर्णने पुष्कळ सापडतात. त्या हॉटेलची खरी ओळख आम्हांला मात्र या चार ओळींत होते.

आता जमशेटजी टाटांची गोष्ट. ती आपण सर्वांनी ऐकली आहे: जमशेटजी वॉटसनमध्ये गेले, काळ्या माणसास प्रवेश नाही म्हणून त्यांना परतविले, आणि त्या अपमानाच्या तिडिकीने त्यांनी ताजमहाल हॉटेल उभारले. गोष्ट झकास आहे. दुर्दैवाने तिला समकालीन पुरावा मिळत नाही, आणि जाणत्या अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. आम्हांलाही ती खरी वाटत नाही. नागपूरला एम्प्रेस मिल उभारणारा, पोलादाचा कारखाना आणि विज्ञानाची संस्था यांच्या योजना आखणारा माणूस एका दरवानावरच्या रागाने एवढा पैसा ओतील हे संभवत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला; शहराचे नाव जगात बद्दू झाले, लोक पळाले. ज्या शहरावर त्यांचा जीव होता त्या शहराला परक्यांनी पुन्हा यावे असे काही द्यावे, हे कारण आम्हांस अधिक पटते. त्यांच्या एका बहिणीने म्हणे विचारले, की विज्ञानमंदिर बांधता, पोलादाचा कारखाना काढता, आणि आता हे भटारखान्याचे खूळ कोठून आले? ही हकीकत ऐकीव असेल, पण तिच्यात त्या काळचा लोकांचा दृष्टिकोन बरोबर उतरला आहे. हॉटेल चालविणे हे प्रतिष्ठिताचे काम नव्हते.

असे असले तरी अपमानाची दंतकथा शंभर वर्षे टिकली ती उगाच नव्हे. जमशेटजींना कोणी अडविले नसेल. अडविल्या गेलेल्या सामान्य माणसांची गणती नव्हती, आणि त्यांनी आपले दुःख एका मोठ्या नावावर चढविले.

ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. इमारत तेव्हा पुरी झालेली नव्हती आणि पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे १७. आपणां मराठी माणसांना अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट अशी की तिचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० साली वारले, आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यविशारदाने पुरे केले. इमारत उलटी बांधली गेली, तोंड समुद्राकडे हवे ते मागे झाले आणि म्हणून शिल्पकाराने जीव दिला, अशीही एक कंडी मुंबईत पिकलेली आहे. तिच्यात काही तथ्य नाही. गाड्या शहराकडून येत, म्हणून दार आणि बाग त्या बाजूस ठेवली. वारा समुद्राकडून येई, म्हणून खोल्या त्या बाजूस. पुढे दार समुद्राकडे आले आणि मागच्या बागेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. ज्यास आपण ताजच्या समोरचे गेटवे म्हणतो ते त्या वेळी नव्हतेच. त्याचे उद्घाटन १९२४ सालचे, म्हणजे ताज त्याच्याहून एकवीस वर्षांनी वडील.

वीज पुरविणारी आणि ट्रामगाड्या चालविणारी मुंबईची कंपनी १९०५ साली निघाली. ताजमध्ये विजेचे दिवे त्याच्या आधीच लागले होते, आणि विलायतेच्या बाजारातून जमशेटजींनी स्वतः हिंडून निवडलेल्या वस्तू येथे मांडलेल्या होत्या. अमेरिकेतले पंखे, जर्मनीतल्या लिफ्ट, तुर्की पद्धतीची न्हाणीघरे, आपले स्वतःचे धुलाईखाते, सोडावॉटरचा कारखाना. प्लेगच्या शहरात स्वच्छ पाणी आणि स्वच्छ चादर ही केवढी चैन होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. जमशेटजींना मात्र हे वैभव फार काळ पाहता आले नाही. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे इस्पितळ चालले.

येथे पैसे मोजणाऱ्या हिंदी माणसाला दार मोकळे होते. पण पैसे मोजणारे किती? पुण्या-नाशिकचा वकील, शाळामास्तर, संपादक मुंबईस गेला तर तो अपोलो बंदराकडे वळत नसे. त्याचे उतरण्याचे ठिकाण क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत असले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले तेही तेथल्याच खोलीत. पावसात खाली उभ्या राहिलेल्या अफाट जनसमुदायाची वर्णने आपण वाचली आहेत. देशाचा एवढा मोठा पुढारी अखेरच्या दुखण्यात उतारूंच्या वास्तूत होता, यात त्या काळच्या आमच्या वर्गाच्या राहणीचे खरे माप आहे. चैनीचा प्रश्न नव्हताच. आपल्या माणसांत, आपल्या जेवणाच्या वेळी, आपल्या भाषेत उतरावे एवढीच अपेक्षा.

पण ‘आपली माणसे’ म्हणजे कोण? याचे उत्तर मुंबईत न शोधता बडोद्यास शोधावे लागते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडन येथील शिक्षणानंतर परत आले, आणि सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. स्टेशनावर उतरल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न हाच: उतरायचे कोठे? हिंदूंच्या खानावळींत त्यांना जागा मिळणे नव्हते. एका पारशी पथिकाश्रमात ते गेले. तेथे पारशाखेरीज कोणास ठेवीत नसत, म्हणून रखवालदाराच्या संमतीने पारशी नाव नोंदवहीत लिहिले गेले. भाडे दिवसाला दीड रुपया. माडीवर एक लहानशी खोली, शेजारी अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, रात्री कंदिलाचा उजेड आणि सोबतीला वटवाघुळे. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. शेवटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही सर्व हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीधराला, खिशात भाडे असताना, बडोद्यात एक रात्र मिळेना. वॉटसनच्या दाराविषयी आपण तावातावाने बोलतो, तेव्हा हे दुसरे दार आपले होते हे विसरून चालावयाचे नाही.

त्याच माणसाने पुढे ज्या घटनेच्या मसुद्याची धुरा वाहिली, तिच्या पंधराव्या कलमात एक शब्द आहे तो सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ कोणत्याही कारणाने कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले येथे प्रवेश करण्यास मज्जाव होता कामा नये, असे ते कलम म्हणते. राज्यघटनेसारख्या गंभीर लेखात हॉटेल! परदेशी वाचकाला याचे नवल वाटेल. आपणांस वाटू नये. २६ जानेवारी १९५० पासून हा कायदा झाला. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांना शिक्षा सांगणारा स्वतंत्र कायदा १९५५ साली आला. कायद्याने सर्व दारे त्या दिवशी उघडली असे कोणी म्हणणार नाही. खोली देताना आडनाव विचारून घुटमळणारे आजही भेटतात. परंतु घुटमळणाऱ्यालाच आता सबब शोधावी लागते.

राहता राहिले पैशाचे दार, आणि ते काही कायद्याने उघडत नाही. म्हणून ज्यांना दोन रात्रींचा खर्च झेपतो त्यांनी तो डोळस करावा. ताजला जुन्या इमारतीशेजारी १९७० नंतरच्या दशकात उंच मनोरा जोडला गेला आहे. मनोऱ्यातल्या वरच्या मजल्यांवरून बंदर दूरवर दिसते. पण गॅलऱ्या, कमानी आणि अधांतरी वाटावा असा तो जिना हवा असेल तर खोली जुन्या भागात मागावी. वातानुकूलन आल्यापासून वाऱ्यासाठी समुद्राकडची खोली घेण्याचे कारण उरलेले नाही. अधिक भाडे आपण केवळ देखाव्याचे देतो, हे समजून द्यावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच जुन्या भागात अतिरेक्यांनी आग आणि गोळ्या यांचा कहर केला. त्या वेळी पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढताना कित्येक नोकरांनी आपले प्राण दिले.

आणि संध्याकाळी पाय मोकळे करण्यास तेथून दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर काळ्या घोड्याकडे जावे. वॉटसनचे हॉटेल बंद पडल्यावर तिथल्या खोल्यांतून कचेऱ्या, वकिलांच्या बैठकी आणि बिऱ्हाडे आली. इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हे नाव पडले. २००५ साली तिच्या सज्ज्याचा भाग कोसळला. २०१९ साली भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले, तज्ज्ञांच्या एका अहवालाने ती पाडावी असे म्हटले आणि दुसऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होण्याजोगी आहे असे सांगितले. विटा ढासळल्या तरी इंग्लंडातून आलेला लोखंडी सांगाडा ताठ होता, असे तिची पाहणी करणारे सांगत.