घाटातला डिंक : पाण्यात टाका, पारख करा



उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीला डिंक सुटतो. पोरं तो खरवडून खातात, घरी बाळंतिणीच्या लाडवात पडतो. या डिंकाचा इतिहास मोठा आहे.

आपल्या वाशीम भागाच्या डोंगरात धावडा, सालई, पळस ही जुनी झाडं. धावड्याचा डिंक डोंगरघाटातून बाजारात उतरायचा, म्हणून परदेशी व्यापारात त्याचं नाव 'घट्टी' पडलं. ते आजही चालतं. कांडोळाचा, म्हणजे कराया डिंक विसाव्या शतकात इराणच्या महाग डिंकाऐवजी परदेशी जाऊ लागला.

पण १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढे जंगलं राखीव झाली. १९२७ च्या वन कायद्यानेही राखीव जंगलातला माल परवानगीशिवाय नेता येईना. डिंक वेचणाऱ्याच्या हाती मजुरीच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वनवासींना गौण वनोपजाची मालकी दिली. आता माल आपला, तर पारखही आपलीच हवी.

पारख सोपी आहे. डिंकाचा खडा पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा.

बाभळीचा डिंक पुरा विरघळतो. धावड्याचा बराचसा विरघळतो, थोडा चिकट गाळ राहतो. त्याने तेल आणि पाणी एकजीव होतं, म्हणून कारखान्यात मागणी. कांडोळाचा विरघळत नाही, पाणी पिऊन कित्येक पट फुगतो. त्याला शिरक्यासारखा वास येतो. सालईचा डिंक अर्धा राळेचा, म्हणून पाण्यात पुरा विरघळत नाही, पण विस्तवावर धुपासारखा दरवळतो. पळसाचा लाल आणि तुरट.

प्रत्येकाचा गुण वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. सगळा डिंक एका पोत्यात भरला की व्यापारी हलक्या मालाचाच भाव लावतो. तेव्हा झाडागणिक पोतं वेगळं ठेवा. साल, माती वेचून काढा, सावलीत वाळवा. कांडोळाचा डिंक दमट, उष्ण जागी फार दिवस ठेवू नका, त्याची फुगण्याची ताकद घटते.

आणि एक. जास्त डिंकाच्या लोभाने कुऱ्हाडीचे खोल घाव घातले की झाड वाळतं. यामुळे कांडोळाची झाडं पुष्कळ ठिकाणी विरळ झाली. घाव उथळ घाला, बारकं झाड सोडा, जखम भरू द्या. हक्क मिळायला फार वर्षं लागली. झाडच राहिलं नाही, तर तो हक्क घेऊन करायचं काय?