भरभर चालल्याने रक्तवाहिन्यांना काय फायदा होतो?

भिवंडी-कल्याण रस्त्यावरील कोन आणि आसपासच्या गावांत यंत्रमागावर किंवा गोदामात राबणारे अनेकजण विचारतात, “दिवसभर उभाच असतो, मग वेगळा व्यायाम कशाला?” श्रम आणि रक्तवाहिन्यांचा व्यायाम यांत फरक आहे. एका जागी उभे राहिल्याने पायांत रक्त साचते. जड ओझे उचलताना रक्तदाब तेवढ्यापुरता चढतो. रक्तवाहिन्यांना हवा असतो तो सलग, वेगाने वाहणारा रक्तप्रवाह.

आत काय घडते?
रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकेरी, नाजूक अस्तर असते. भरभर चालताना, सायकल चालवताना किंवा पोहताना रक्त वेगाने या अस्तराला घासून जाते. त्यामुळे पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्याने भिंतीतील स्नायू सैल होतात, रक्तवाहिनी रुंदावते आणि गुठळी होण्याची शक्यता कमी होते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तंबाखू, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे अस्तराची ही क्षमता घटते. नियमित व्यायामाने ती काही आठवड्यांत सुधारू लागते. व्यायाम सोडला की हळूहळू पुन्हा कमी होते.

किती चालावे?
आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज ३० मिनिटे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालेल. धुरानेही अस्तराला इजा होते, म्हणून अवजड वाहनांचा रस्ता टाळून आतल्या रस्त्याने किंवा मैदानात चाला.

गोळी बंद करता येईल का?
स्वतःहून नाही. उच्च रक्तदाब असणाऱ्यांत अशा व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. हा फायदा मोठा आहे, पण १७० रक्तदाब असलेल्याला तेवढा पुरत नाही. गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांनी ठरवावे.

कधी थांबावे?
छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच थांबा. त्रास थांबला नाही तर १०८ ला फोन करा. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.